लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी वेगवान, लहान कॅलिबरचे काडतूस कसे निवडावे

कोल्हापुरात रायफल म्हटले की आता बहुतेकांना पन्नास मीटरवरचे कागदी लक्ष्य आठवते. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, त्यामुळे ‘पॉइंट टू-टू’ (.२२ कॅलिबर, म्हणजे गोळीचा इंचातला व्यास) हा शब्द इथल्या घराघरांत पोचला आहे. अलीकडे मात्र रायफलविषयी वेगळ्याच प्रकारची विचारणा होऊ लागली आहे. ती करणारी मंडळी कोल्हापूरचीच असतात, पण नोकरी-व्यवसायानिमित्त टेक्सासात, कोलोराडोत, जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली असतात. तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांनी परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढलेला असतो, आणि दुकानातल्या फळीवर वीस-पंचवीस नावांची खोकी पाहून ती गोंधळलेली असतात. पुढील विवेचन त्यांच्यासाठी आहे.

इथे राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे भारतात शिकारीला बंदी आहे. दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते हे खरे, आणि नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आजही पाहायला मिळतात, पण तो काळ संपला. शाहूवाडी-पन्हाळ्याकडे रानडुकरांनी रात्रीत उसाचा फड लोळवला, तरी कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश असल्याशिवाय त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही, मग हातात पीकसंरक्षणाचा बंदूक-परवाना असला तरीही. म्हणून या लेखातली जनावरे आणि अंतरे सगळी परदेशातली आहेत.

आता मूळ विषय. काडतूस निवडताना बहुतेक लोक खोक्यावर छापलेला वेग पाहतात आणि सर्वांत मोठ्या आकड्यावर बोट ठेवतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. आधी जनावर ठरवावे, मग त्या जनावराला योग्य अशी गोळी, मग ती गोळी स्थिर ठेवू शकेल अशी नळी, आणि या तिन्हींना सामावून घेणारे काडतूस शेवटी. वेग हा या हिशेबातून आपोआप निघणारा आकडा आहे.

वेगाचा आकडा आणि त्याची मर्यादा

‘पॉइंट टू-टू’ या शब्दामुळे आपल्याकडे एक गैरसमज हमखास होतो. स्पर्धेत वापरले जाणारे .२२ लाँग रायफल काडतूस सुमारे ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) शिशाची गोळी सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या वेगाहून थोडे कमीच, फेकते. शिकारी ज्याला वेगवान बावीस म्हणतात त्या .२२-२५० रेमिंग्टनच्या गोळीचा व्यास जवळजवळ तितकाच असतो, पण ५५ ग्रेनची गोळी त्यातून सेकंदाला सुमारे ३,६८० फूट, म्हणजे ११२० मीटर वेगाने सुटते. व्यास सारखा, वेग तिपटीहून जास्त. त्यामुळे नावातला आकडा पाहून दोन्हींना एका माळेत ओवू नये.

वेगाचा आकडा हे विक्रीचे साधन फार पूर्वीपासून आहे. १९१५ साली सॅव्हेज कंपनीने चार्ल्स न्यूटन यांनी तयार केलेले .२५०-३००० हे काडतूस बाजारात आणले. न्यूटन यांची पसंती १०० ग्रेनच्या गोळीला होती, परंतु तेवढ्या वजनाने सेकंदाला ३,००० फुटांचा टप्पा गाठता येत नव्हता, म्हणून कंपनीने गोळी ८७ ग्रेनवर आणली आणि तो आकडा थेट नावातच घातला. हरणासाठी कोणती गोळी बरी याचा निर्णय जाहिरातीच्या सोयीने झाला. पुढे १९३५ साली विंचेस्टरने .२२० स्विफ्ट काढले आणि ४८ ग्रेनच्या गोळीला ४,११० फुटांचा वेग दिला. इतक्या वर्षांनंतरही खोक्यावरचा आकडा पाहून ग्राहकाचे डोळे दिपतात, यात काही बदललेले नाही.

खोक्यावर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. जनावर तिथे उभे नसते. भाताच्या खळ्यावर उफणणी करताना सुपातून धान्य सोडले की पोल वाऱ्याबरोबर दूर जातो आणि भरीव दाणा पायाशी पडतो. लहान, हलकी, बोथट गोळी आणि लांबट, वजनदार, टोकदार गोळी यांच्यात हवेच्या दृष्टीने हाच फरक असतो. गोळी हवेला किती दाद देत नाही हे बॅलिस्टिक कोएफिशंट या आकड्यात सांगतात. दुकानदार आणि शिकारी त्याला नुसते ‘बीसी’ म्हणतात. हा आकडा जितका मोठा तितका वेग टिकून राहतो.

दोन ओळखीची उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. .२२-२५० मधून सुटणारी ५५ ग्रेनची प्लॅस्टिक टोकाची गोळी घेतली, तर तिचा बीसी सुमारे ०.२५५ असतो. ३,६८० फुटांनी सुटलेली ही गोळी ५०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५७ मीटरवर, पोचेपर्यंत तिचा वेग १,९०० फुटांच्या आसपास उतरतो. जवळजवळ निम्मा वेग हवेने खाल्लेला असतो. दुसरीकडे ६.५ क्रीडमूरमधून सुटणारी १४३ ग्रेनची लांबट गोळी नळीच्या तोंडाशी फक्त २,७०० फुटांची असते, पण बीसी ०.६ च्या वर असल्यामुळे ५०० यार्डांवर ती अजून २,००० फुटांच्या वर टिकून असते. म्हणजे चारशे यार्ड ओलांडल्यावर कुठेतरी ‘सावकाश’ गोळी ‘वेगवान’ गोळीला मागे टाकते. धडकेच्या ऊर्जेचा हिशेब केला तर ५०० यार्डांवर पहिलीजवळ सुमारे ६०० ज्यूल आणि दुसरीजवळ सुमारे १,७५० ज्यूल उरतात. खोक्यावरचा मोठा आकडा इतक्या अंतरावर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ एवढाच उरतो.

मग वेगाचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा धरला आणि गोळी नेमाच्या रेषेपासून १० सेंटिमीटरहून जास्त वर किंवा खाली जाऊ नये अशा बेताने रायफल झिरो केली, म्हणजे दुर्बिणीचा नेम ठरावीक अंतरावरच्या गोळीशी जुळवून घेतला, तर .२२-२५० ने सुमारे ३५० यार्डांपर्यंत, आणि ६.५ क्रीडमूरने सुमारे ३०० यार्डांपर्यंत, दुर्बिणीचे फिरकीबटण न हलवता सरळ छातीवर नेम धरून चालते. जनावर अचानक समोर आले आणि अंतर मोजायला उसंत मिळाली नाही, तर हे पन्नास यार्ड खरोखर उपयोगी पडतात. परंतु आज लेझर रेंजफाइंडर जवळजवळ प्रत्येक शिकाऱ्याच्या खिशात असतो. अंतर अचूक कळले की गोळी किती खाली पडणार हे तक्त्यावरून आधीच ठाऊक असते आणि तेवढे बटण फिरवले की काम होते. वाऱ्याला मात्र असा कोणताही रेंजफाइंडर नाही.

वारा हाच खरा परीक्षक

गोळी वाऱ्याने किती सरकते हे तिने हवेत घालवलेल्या एकूण वेळेवर अवलंबून नसून, हवेमुळे तिला जो उशीर झाला त्यावर अवलंबून असते, आणि म्हणून वेगापेक्षा बीसीला इथे जास्त महत्त्व येते. ताशी १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा असेल, तर ५०० यार्डांवर वर सांगितलेली ५५ ग्रेनची गोळी सुमारे ७० सेंटिमीटर सरकते आणि १४३ ग्रेनची सुमारे ३८ सेंटिमीटर. सरकणे हा स्वतः दोष नाही, कारण वारा बरोबर ओळखला तर तेवढी भरपाई करता येते. प्रश्न वारा ओळखण्यात होणाऱ्या चुकीचा आहे. उघड्या कुरणावर, गवताच्या हालचालीवरून अंदाज घेताना, ताशी ८ किलोमीटरची चूक अनुभवी माणसाकडूनही होते. तेवढ्या चुकीने ३०० यार्डांवर पहिली गोळी सुमारे ११ सेंटिमीटर आणि दुसरी साडेसहा सेंटिमीटर हुकते. ५०० यार्डांवर हेच आकडे ३५ आणि १९ होतात.

मर्मभागाची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे हे लक्षात ठेवून हे चार आकडे पुन्हा वाचावेत. ३०० यार्डांवर एक गोळी अजून मर्मभागात आहे आणि दुसरी काठाबाहेर गेली आहे. ५०० यार्डांवर दोन्ही बाहेर आहेत, आणि बाहेर याचा अर्थ जनावराच्या पोटात किंवा पायात. म्हणून कोणी ‘या काडतुसाने सहाशे यार्डांवर हरीण पडते’ असे सांगितले, तर त्याला ते कोणत्या वाऱ्यात, असा प्रश्न विचारावा.

कोल्हापूरच्या रेंजवर ज्यांनी पन्नास मीटरचा सराव केला आहे, त्यांना वाऱ्याच्या झेंड्यांकडे पाहत थांबण्याची सवय असते. ही सवय परदेशात रायफलइतकीच कामाला येते. तिथे झेंडे नसतात, परंतु दुर्बिणीतून उन्हाची झळ कोणत्या बाजूला वाहते आहे, दरीच्या पलीकडचे गवत किती झुकते आहे, या गोष्टी त्याच नजरेने वाचता येतात.

गोळीची घडण

लहान कॅलिबरमध्ये सर्वांत मोठी गफलत इथे होते, म्हणून या मुद्द्यावर जरा रेंगाळणे भाग आहे.

.२२-२५० किंवा .२२० स्विफ्टच्या बऱ्याचशा गोळ्या कोल्हा, कोयोटी आणि मार्मोटसारख्या लहान जनावरांसाठी बनवलेल्या असतात. त्यांचे तांब्याचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते, जेणेकरून लागताच गोळीचे तुकडे व्हावेत आणि ती जमिनीवर आपटून उडू नये. हीच गोळी हरणाच्या खांद्यावर लागली तर हाडावर फुटते, वरवरची मोठी जखम करते आणि आत पोचतच नाही. जनावर पळून जाते आणि दोन दिवसांनी मरते. वेग जितका जास्त तितका हा धोका वाढतो, कारण पातळ आवरणाला तो वेग सोसत नाही. हरणासाठी जाड आवरणाची, आवरण आणि शिसे एकजीव केलेली, किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्यावी. खोक्यावर ‘व्हारमिंट’ (लहान उपद्रवी जनावरांसाठी) असे लिहिलेले असेल, तर ती हरणावर कधीही वापरू नये.

याच्या उलट टोकालाही एक मर्यादा आहे. शिकारी गोळी लागल्यावर उमलली पाहिजे, आणि उमलण्यासाठी तिला किमान वेग लागतो. शिशाच्या गाभ्याच्या अनेक गोळ्यांसाठी तो सेकंदाला सुमारे १,८०० फूट असतो, पूर्ण तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांसाठी २,००० फुटांच्या आसपास, आणि खास लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या याहूनही कमी वेगात उमलतात. गोळी बनवणारी कंपनी हा आकडा देते. तो घ्यावा, कंपनीच्याच तक्त्यात आपल्या गोळीचा वेग कोणत्या अंतरावर तिथवर उतरतो ते पाहावे, आणि त्या अंतराला त्या काडतुसाची सीमा समजावी. मला तर काडतूस निवडण्याची ही सर्वांत प्रामाणिक कसोटी वाटते, आणि जाहिरातीत ती सहसा दिसत नाही.

तांब्याच्या गोळीचा विचार कायद्यामुळेही करावा लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्याला संपूर्ण बंदी आहे. आता तांब्याची घनता ८.९ आणि शिशाची ११.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांबीला जास्त होते, आणि लांब गोळी म्हटली की नळीच्या पिळाचा प्रश्न उभा राहतो.

नळीचा पीळ

नळीच्या आत जे सर्पिल आटे असतात ते गोळीला फिरकी देतात. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, यावरून पीळ मोजतात. १:८ म्हणजे आठ इंचांत एक फेरा. गोळी जितकी लांब तितका जलद पीळ लागतो. पीळ कमी पडला तर गोळी हवेत डगमगते आणि कधी कधी कागदावर आडवी लागून लांबट भोक पाडते.

पीळ चुकला की चांगले काडतूसही कसे मागे पडते, याचे एक बोलके उदाहरण आहे. १९५५ साली दोन कंपन्यांनी ६ मिलिमीटर गोळीची दोन काडतुसे एकाच सुमारास आणली. विंचेस्टरच्या .२४३ ला १:१० चा पीळ होता, रेमिंग्टनच्या .२४४ ला १:१२ चा. रेमिंग्टनने कोयोटीसारख्या जनावरांवर डोळा ठेवून हलक्या गोळ्यांचा विचार केला होता. लोकांना मात्र त्याच रायफलने हरणासाठी १०० ग्रेनची गोळी मारायची होती, आणि.२४४ च्या नळीत ती स्थिर राहील याची खात्री वाटत नव्हती. केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) दारू मावण्याच्या बाबतीत .२४४ थोडे सरसच होते, तरी बाजार .२४३ ने जिंकला. १९६३ साली रेमिंग्टनने पीळ १:९ केला आणि नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन ठेवले, पण तोवर वेळ निघून गेली होती.

पिळाचा ढोबळ हिशेब अल्फ्रेड ग्रीनहिल यांच्या १८७९ च्या सूत्राने घरीच करता येतो. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका फेऱ्यासाठी चालणारी लांबी. ५.६९ मिलिमीटर व्यासाची, १९ मिलिमीटर लांबीची गोळी घेतली तर उत्तर सुमारे २५६ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच येते. तीच गोळी २५ मिलिमीटर लांब असली की उत्तर १९४ मिलिमीटरवर, म्हणजे साडेसात इंचांच्या आसपास येते. जास्त वेगाच्या गोळीला थोडी सूट मिळते, परंतु जुन्या .२२-२५० रायफलींचा पीळ १:१४ असे, हे लक्षात घेतले की त्यात ७५-८० ग्रेनच्या लांब गोळ्या का चालत नाहीत हे सूत्रावरूनच उमगते. अलीकडे काही कंपन्या याच काडतुसासाठी १:८ किंवा १:९ च्या नळ्या देऊ लागल्या आहेत, आणि तशी नळी असेल तर .२२-२५० चे रूपच पालटते.

जुनी रायफल विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. पीळ मोजायला पाच मिनिटे पुरतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) बाहेर काढावा. साफसफाईच्या सळईच्या टोकाला नळीत घट्ट बसेल असा कापडी पॅच लावावा. सळईची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरणारी हवी, नाहीतर सळई आट्यांबरोबर फिरणार नाही. पॅच आट्यांमध्ये शिरला की सळईच्या वरच्या बाजूला मार्करने एक ठिपका द्यावा आणि रायफलच्या मागच्या काठाशी सळईवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. मग सळई हळूहळू पुढे ढकलावी. ठिपका बाजूला वळतो, खाली जातो आणि पुन्हा बरोबर वर येतो. तिथे थांबून दुसरी चिकटपट्टी लावावी. दोन पट्ट्यांमधले अंतर मोजले की पीळ कळला. पॅच सैल असेल तर तो घसरतो आणि आकडा चुकतो, म्हणून मोजमाप दोन-तीन वेळा करून सारखेच येते का ते पाहावे.

जनावर आणि तिथला कायदा

हा भाग थोडक्यात आटोपता येईल, कारण इथे आवडीनिवडीला फारसा वाव नाही. कोलोराडोत मोठ्या जनावरांसाठी किमान .२४ कॅलिबर लागते, हरीण आणि प्राँगहॉर्न (हरणासारखे एक कुरणातले जनावर) यांच्यासाठी गोळी किमान ७० ग्रेनची आणि एल्क या मोठ्या हरणासाठी ८५ ग्रेनची असावी लागते, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ ज्यूल ऊर्जा उरावी लागते. तिथे .२२-२५० हरणासाठी बादच होते. जर्मनीत रोए हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल पुरतात, पण त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी कॅलिबर किमान ६.५ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान २,००० ज्यूल लागते, त्यामुळे .२४३ सुद्धा तिथे रानडुकरासाठी चालत नाही. इंग्लंडचे नियम पुन्हा वेगळे आहेत. रायफल घेण्याआधी आपल्या राज्याचे चालू नियम वाचणे हे ज्याचे त्याने करायचे काम आहे.

टेक्सासात राहणाऱ्यांना एक गंमतीची गोष्ट आढळेल. आपल्याकडे संरक्षित असलेले काळवीट तिथे १९३०च्या दशकात आणून सोडले गेले आणि आज खासगी रानांत त्याची रीतसर शिकार चालते. नीलगाईही दक्षिण टेक्सासात आहेत. काळवीट तीस-चाळीस किलोचे, सडपातळ, उघड्यावर राहणारे जनावर, त्यामुळे ६ मिलिमीटरची गोळी त्याला नेमकी बेताची. दोनशे किलोच्या नर नीलगाईची गोष्ट वेगळी. तिचे कातडे जाड, हाडे भक्कम, आणि ‘दोन्ही जनावरांसाठी एकच रायफल’ असा विचार करणाऱ्याने लहान कॅलिबरचा नाद सोडलेला बरा.

नळीची लांबी, झीज आणि धक्का

खोक्यावरचा वेग बहुधा २४ किंवा २६ इंचांच्या नळीतला असतो. आपली नळी २० इंचांची असेल तर प्रत्येक इंचामागे साधारण २० ते ३० फूट वेग कमी धरावा; मोठ्या मॅग्नम (जास्त दारू भरलेल्या) काडतुसांत तूट याहून जास्त येते. डोंगरात फिरण्यासाठी आखूड नळी हवी असणाऱ्याने मॅग्नम घेऊन पैसे आणि दारू दोन्ही वाया घालवू नयेत.

लहान भोकातून भरपूर दारू जाळली की नळीच्या गळ्याशी, म्हणजे जिथून आटे सुरू होतात तिथे, पोलाद झिजते. .२२० स्विफ्टची ख्याती या एका कारणाने बिघडली, आणि तिच्यातला काही भाग अतिशयोक्तीचा असला तरी नळी सतत गरम ठेवून झाडणाऱ्यांना त्याचा अनुभव आला होता. वर्षाला दोन-तीन जनावरे मारणाऱ्याला याची फिकीर नको, पण जो आठवड्याला सराव करणार आहे, आणि लांब पल्ल्याचा विचार करणाऱ्याने तो केलाच पाहिजे, त्याच्यासाठी ६.५ क्रीडमूर किंवा .२४३ यांसारखी मध्यम भुकेची काडतुसे अधिक किफायतशीर ठरतात.

धक्क्याच्या बाबतीत लहान कॅलिबरचा फायदा निर्विवाद आहे. .२४३ चा धक्का .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या साधारण निम्मा असतो. खांदा घाबरत नाही, चाप झटक्याने ओढला जात नाही, आणि गोळी कुठे लागली हे स्वतःच्या दुर्बिणीतून दिसते. सरासरी माणसाचा नेम यामुळे जितका सुधारतो तितका कोणत्याही महागड्या काडतुसाने सुधारत नाही.

माझी निवड

फक्त कोयोटीसारखी लहान जनावरे मारायची असतील तर .२२-२५० घ्यावे आणि निश्चिंत राहावे. काळवीट, प्राँगहॉर्न, लहान हरणे आणि ३०० यार्डांपर्यंतचे अंतर असेल तर .२४३ विंचेस्टर पुरेसे आहे. १९५५ पासून चालत आलेले असल्यामुळे त्याच्या गोळ्या आडगावच्या दुकानातही मिळतात, आणि सहलीत सामान हरवले तर याचे मोल कळते. ३५० यार्डांपर्यंतचे हेच काम जास्त खात्रीने करायचे असेल, तर ६ एमएम क्रीडमूर घ्यावे, कारण त्याच्या नळ्यांना मुळातच जलद पीळ असतो आणि १०३-१०८ ग्रेनच्या लांबट गोळ्या सुमारे ३,००० फुटांनी जातात. म्यूल डिअरसारखे अंगाने भरलेले हरीण मारायचे असेल तर ६.५ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर पुरते, आणि वेगाची हौसच असेल तर ६.५ पीआरसी आहे, ज्यात तीच १४३ ग्रेनची गोळी २,९६० फुटांनी सुटते. .२५-०६ आणि .२७० ही जुनी काडतुसे आहेत म्हणून त्यांना नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही; घरात चांगली .२७० असेल तर नवी रायफल घेण्याचे कारण नाही.

रेंजवरची खातरजमा

काडतूस ठरले की एकाच वजनाच्या तीन-चार वेगवेगळ्या गोळ्यांचे एकेक खोके आणून आपल्या नळीला कोणते मानवते ते पाहावे. दोन सारख्या दिसणाऱ्या रायफलींची आवड वेगळी निघते, हे पन्नास मीटरच्या नेमबाजांना सांगावे लागत नाही. तेही लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचा गट) तपासूनच काडतुसे घेतात. जे खोके लक्ष्यावर सर्वांत लहान घोळका (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देईल त्याच लॉटची पुरेशी खोकी एकदम घ्यावीत.

त्यानंतर २० सेंटिमीटरची पोलादी थाळी आधी १००, मग २००, मग ३०० यार्डांवर लावावी आणि शिकारीत जशी बैठक मिळते तशा बैठकीतून, म्हणजे पाठीवरच्या पिशवीवर, काठीच्या टेकूवर, मांडी घालून, पहिली गोळी थंड नळीतून झाडावी. टेबलावर रायफल टेकवून मिळवलेला घोळका रानात उपयोगी नाही. वारा असलेले दिवस टाळू नयेत, मुद्दाम निवडावेत. ज्या अंतरावर पहिली गोळी दर वेळी थाळीवर लागते ते आपले अंतर, आणि गोळीच्या उमलण्याच्या वेगावरून काढलेली सीमा व हे अंतर यांतले जे कमी असेल ते आपल्यावर बंधनकारक समजावे.

तक्ता बनवताना उंची आणि तापमानाची नोंद ठेवावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. कोलोराडोतली कुरणे दोन हजार मीटरच्या वर असतात, तिथे हवा विरळ असल्याने गोळी कमी पडते. उलट टेक्सासच्या उन्हात झिरो केलेली रायफल नोव्हेंबरच्या बर्फात नेली की काही प्रकारच्या दारूचा वेग घटतो. नव्या ठिकाणी पोचल्यावर शिकारीआधी दोन-तीन गोळ्या झाडून झिरो पुन्हा तपासावा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी, बहुतेक विमान कंपन्या माणशी ५ किलोपर्यंत काडतुसे चेक-इन सामानात, मूळ खोक्यात आणि आधी परवानगी घेतलेली असल्यास नेऊ देतात. हातसामानात एकही चालत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला घरी येताना शिकारीचे जाकीट आणि पाठीवरची पिशवी शक्यतो तिकडेच ठेवावी. आणायचीच असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटकावेत, कारण अस्तरात अडकलेले एक जिवंत काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसले की १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि तिकडचा परवाना दाखवून इथे सुटका होत नाही. आठवण म्हणून रिकामी पितळी केससुद्धा आणू नये.